एलईडी बसवल्यापासून डावीकडचे कट जाड का लागतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या एका क्लबात तुम्ही ६ वर्षं स्नूकर खेळताय. ४ महिन्यांपूर्वी मालकांनी टेबलावरची जुनी लोंबती शेड काढली आणि फॉल्स सीलिंगमध्ये एलईडी पॅनल बसवले. हॉल आता लख्ख दिसतो, बाकीचे खूश आहेत, पण तुमचे लांबचे पॉट (बॉल पॉकेटमध्ये घालणं) गेले. त्यातही डावीकडे कापायचा, म्हणजे बाजूला मारून डावीकडे पाठवायचा, बॉल सारखा जाड लागतोय, म्हणजे हवा त्यापेक्षा मध्याकडे. मालक म्हणतात उजेड दुप्पट केलाय, डोळे तपासून घ्या. दोष लाइटचा की माझा, असं तुम्ही विचारलंय.

मी २८ वर्षं पुण्या-मुंबईत टेबलं बसवतोय, कापड बदलतोय आणि संध्याकाळी मुलांना शिकवतोय. तुमचा हॉल मी पाहिलेला नाही. खिडक्या कुठे आहेत, छत किती उंच आहे, तुमच्या चष्म्याचा नंबर काय, यावर बरंच अवलंबून आहे. पण तुमच्या लिहिण्यातल्या दोन गोष्टींनी माझे कान टवकारले. एक म्हणजे ‘फॉल्स सीलिंग’ आणि दुसरी म्हणजे चूक एकाच बाजूला होतेय ही. उजेड नुसता कमी पडत असता तर दोन्हीकडचे पॉट सारखेच सुटले असते.

मालक आणि तुम्ही उजेड किती यावर वाद घालताय. खेळणाऱ्याला उजेड किती याहून बॉलची कड दोन्ही बाजूंनी सारखी स्वच्छ दिसते का, याने जास्त फरक पडतो. आपण पॉट करताना बॉलच्या मध्यावर नेम धरत नाही, कडेच्या हिशेबाने धरतो. हाफ बॉल म्हणजे व्हाइटचा (क्यूने मारायच्या पांढऱ्या बॉलचा) मध्य समोरच्या बॉलच्या कडेवर. ती कडच डोळ्याला जरा आत दिसली तर नेम आत सरकतो आणि बॉल जाड लागतो. हात चोख चालला तरी.

हे किती बारीक असतं ते आकड्यात बघा. स्नूकरचा बॉल ५२.५ मिमी व्यासाचा, म्हणजे त्रिज्या सव्वासव्वीस मिमी. कॉर्नर पॉकेटचं तोंड साधारण साडेतीन इंच, म्हणजे ८९ मिमी धरू. त्यातून बॉल वजा केला तर दोन्ही बाजूंना १८-१८ मिमी जागा उरते. आता व्हाइट समोरच्या बॉलवर ठरलेल्या बिंदूपासून फक्त अर्धा मिमी बाजूला टेकला, तर तो बॉल १ मीटर जाईपर्यंत १९ मिमी भरकटतो. म्हणजे जॉला, पॉकेटच्या तोंडाच्या कडेला, घासून बाहेर. अर्धा मिमी म्हणजे ५-६ कागदांची जाडी. सावलीत गेलेली कड डोळ्याला एवढा चकवा सहज देते.

आता तुमच्या पॅनलकडे येतो. फॉल्स सीलिंगची जाळी २ बाय २ फुटांची असते आणि ती भिंतीला धरून आखतात, टेबलाला धरून आखत नाहीत. टेबल मात्र आपण चारही बाजूंना क्यू फिरवायला जागा सोडून मांडतो. दोन्हींचे मध्य जुळले तर तो योगायोग. मी पाहिलेल्या अशा हॉलांपैकी बहुतेक ठिकाणी पॅनलची रांग टेबलाच्या मध्यरेषेपासून फूट-दीड फूट सरकलेली होती. छत टेबलाच्या वर साडेसहा फूट आहे आणि रांग डावीकडे दीड फूट सरकली आहे असं धरा. मग डाव्या कुशनजवळच्या (टेबलाच्या रबरी काठाजवळच्या) बॉलवर उजेड जेमतेम १३ अंशांनी तिरका पडतो, आणि उजव्या कुशनजवळच्या बॉलवर ३५ अंशांनी. उजवीकडच्या बॉलची उजवी बाजू अंधारी होते आणि त्याची सावलीही उजवीकडेच कापडावर पडते. बॉलचा अंधारा भाग आणि कापडावरची सावली एकमेकांत मिसळतात आणि कड दिसेनाशी होते. तिरपा उजेड जुन्या शेडखालीही असतो, पण तो दोन्ही कुशनना सारखा असतो आणि वर्षानुवर्षं खेळून डोळा तो शिकून घेतो.

डावीकडे कापायचं म्हणजे व्हाइट समोरच्या बॉलच्या उजव्या बाजूला लागायला हवा. तुमच्याकडे नेमकी तीच बाजू अंधारी असेल, तर बॉल उजवीकडून चोरल्यासारखा अरुंद दिसणार, नेम आत येणार आणि बॉल जाड लागणार. तुमची तक्रार यात चपखल बसते. पण बसते म्हणून तेच कारण आहे असं मी म्हणणार नाही. तपासून घ्या, पाऊण तासाचं काम आहे.

रात्री जा, पडदे ओढून घ्या. ब्लू त्याच्या स्पॉटवर (टेबलावरच्या ठरलेल्या खुणेवर) ठेवा आणि व्हाइट ब्राउनच्या स्पॉटवर. इथून समोरच्या दोन्ही कॉर्नरना ब्लूचा कट साडेसव्वीस अंशांचा होतो, हाफ बॉलपेक्षा थोडा जाड. डाव्या कॉर्नरला १० आणि उजव्या कॉर्नरला १० मारा. प्रत्येक शॉट जाड गेला की पातळ, एवढंच कागदावर लिहा. मग टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जा. पिंकच्या स्पॉटच्या मागे, ब्लॅकच्या बाजूला ६ इंचांवर व्हाइट ठेवा. हे अंतर ब्राउन ते ब्लू एवढंच पडतं. आता बॉल्ककडच्या, म्हणजे ब्राउनच्या टोकाच्या, दोन्ही कॉर्नरना तसेच १०-१०. सगळे शॉट मध्यम जोराने मारा, कारण या टोकाकडून तुम्ही नॅपच्या, म्हणजे कापडाच्या लवेच्या, उलट खेळताय आणि हळू मारलेला बॉल वाहवतो. मध्यरेषेवर फरक पुसट वाटला तर हेच ४० शॉट ब्लू आणि व्हाइट दोन्ही उजवीकडे फूटभर सरकवून पुन्हा करा. कटचा कोन बदलेल, पण बघायचं तेच आहे.

दोन्ही टोकांकडून डावीकडचाच कट जाड जात असेल तर दोष तुमच्यात आहे. डोकं क्यूवर तिरकं येतंय, किंवा तुमचा जोरकस डोळा आणि क्यूची रेषा जुळत नाहीये. लाइट खोलीत एका जागी असतो, तो तुमच्याबरोबर टेबलाला फेरी मारत नाही. पण पहिल्या टोकाकडून डावीकडचा कट जाड आणि दुसऱ्या टोकाकडून उजवीकडचा जाड, असं निघालं तर अंधारी बाजू खोलीच्या एकाच भिंतीकडे आहे. मग लाइटवर संशय घ्यायला हरकत नाही.

इथे एक गफलत होते, माझीही झाली होती. काही वर्षांपूर्वी एका हॉलमध्ये हीच परीक्षा घेतली, चूक बाजू बदलतेय हे पाहिलं आणि मालकांना लाइट सरकवायला लावले. फरक शून्य. टेबलाची लेव्हल एका बाजूला उतरली होती. लेव्हल बिघडली तरी चूक टोकाप्रमाणे बाजू बदलते, आणि हे मला तेव्हा सुचलं नाही. ओळखायचं असं: टेबल एका बाजूला उतरतं असेल तर एकीकडचा कट जाड जातो आणि त्याच टोकाकडून दुसरीकडचा पातळ जातो. लाइटच्या दोषात उजवीकडचा कट ठीक जातो, कारण त्या शॉटला लागणारी कड उजेडात असते. शिवाय उतार असेल तर हळू मारलेला बॉल जास्त भरकटतो. म्हणून ४० शॉटच्या आधी एक बॉल टेबलाच्या लांबीने अगदी संथ सोडून बघा, तो कुठे वळतो ते.

आणखी एक खूण म्हणजे रंग. ब्लॅक, ब्राउन, ब्लू हे गडद बॉल सावलीत लवकर बुडतात. यलो आणि पिंकची कड अंधाऱ्या बाजूलाही कापडापासून वेगळी दिसते. जाड लागणाऱ्यांत गडद बॉल जास्त असतील तर लाइटची बाजू आणखी भक्कम होते.

लाइटचे आणखी दोन-तीन परिणाम आहेत. तुमच्या बाबतीत ते एकत्र मिसळलेले असू शकतात.

पहिला म्हणजे बॉलवरची चकाकी. स्वच्छ पुसलेला बॉल हा छोटा बहिर्गोल आरसाच असतो. जुन्या शेडमधल्या ३ ट्यूबमुळे बॉलच्या डोक्यावर ३ बारीक पांढऱ्या रेघा दिसायच्या, टेबलाच्या लांबीला समांतर. खाली वाकल्यावर त्या रेघांवरून बॉलचा मध्य कुठे, कड किती दूर, हे डोळा आपसूक मोजायचा. तुम्ही तसं ठरवून केलं नसेल, पण ६ वर्षं रोज त्याच शेडखाली खेळल्यावर ती सवय लागतेच. आता पॅनलचे चौकोनी ठिपके दिसत असतील, बॉल जिथे असेल तसे सरकणारे, एखादा बाजूला घसरलेला. जुनी खूण गेली आणि नवीचा अजून अंदाज आलेला नाही. मी स्वतः शेड बदलल्यावर पहिले ३ आठवडे थोडा चुकतच खेळतो, मग बसतं. लाइट टेबलाच्या मध्यावर असतील तर हे सरावाने सुटतं. तुमचे ४ महिने झाले आणि तरी सुटत नाही, म्हणून मला उजेडाच्या एकतर्फीपणावर जास्त संशय आहे.

दुसरा म्हणजे समोरून डोळ्यात येणारा उजेड. हनुवटी क्यूवर टेकल्यावर डोळे कापडापासून जेमतेम वीतभर वर असतात आणि नजर जवळजवळ आडवी असते. समोरच्या टोकाकडचा उघडा दिवा तेव्हा नजरेच्या थोडाच वर असतो आणि भुवई त्याला अडवू शकत नाही. जुन्या शेडची खोल कड आणि तिची हिरवी झालर त्यासाठीच होती. छतातले पॅनल उंचावर असल्याने तुम्हाला टेबलावरच्या पॅनलचा त्रास कमी होत असेल, पण शेजारच्या टेबलांवरचे पॅनल समोर दिसतायत का ते बघा. हाताने भुवईवर आडोसा करून समोरचा बॉल बघा. आडोसा केल्यावर कड लख्ख झाली तर डोळ्यात उजेड जातोय.

तिसरा परिणाम कापडावरचा. जुन्या बऱ्याच शेडमध्ये १५० वॉटचे ६ पिवळे बल्ब असत, म्हणजे ९०० वॉटची ऊब टेबलाच्या डोक्यावर तासन्‌तास. त्याने कापड कोरडं राहायचं. ट्यूब आल्या तेव्हा ती ऊब कमी झाली आणि एलईडीमध्ये जवळपास गेली. नाशिकचा पावसाळा आणि बंद एसी असेल तर कापड ओलसर होतं, बॉल जड पळतो. मग लांबच्या शॉटला आपण नकळत जोर लावतो, खांदा हलतो आणि क्यू वाकडा जातो. लांबचे पॉट ‘गेले’ असं जे वाटतं, त्यात याचा थोडा वाटा असू शकतो. मोठ्या स्पर्धांमध्ये स्लेटखाली हीटर लावतात ते टेबल कोरडं ठेवायलाच.

चमचमीचा, म्हणजे फ्लिकरचा, प्रश्न स्वस्त ड्रायव्हरच्या (दिव्याला वीज पुरवणाऱ्या भागाच्या) पॅनलमध्ये येतो. दिव्याखाली क्यू भराभर हलवून बघा. अखंड पुसट पट्टा दिसला तर ठीक. वेगवेगळे ४-५ क्यू दिसले तर दिवा लुकलुकतोय, ड्रायव्हर बदलायला सांगा.

रंगाबद्दल थोडं. स्नूकर हा रंगांचा खेळ आहे. १९६९ मध्ये बीबीसीने स्नूकरचा साप्ताहिक कार्यक्रम सुरू केला तोच मुळी नव्या रंगीत टीव्हीची ताकद दाखवायला. हलक्या एलईडीखाली लाल रंग मरतो आणि रेड-ब्राउन जवळ येतात. पॅनल घेताना सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा वर मागा आणि रंग ४००० ते ५००० केल्व्हिनच्या दरम्यान ठेवा. त्याहून निळसर पांढऱ्या उजेडात डोळे लवकर थकतात, असं मला शिकवताना सारखं दिसलंय. माझ्याकडच्या एका मुलाने रेडऐवजी सरळ ब्राउन मारला तेव्हा मी दिव्यावर चिडलो होतो. नंतर कळलं त्याला लाल-हिरव्याचा रंगांधळेपणा आहे. पीटर एब्डन आणि मार्क विल्यम्स या विश्वविजेत्यांनाही रंगांधळेपणा आहे. रंगांधळ्या खेळाडूने विचारलं तर रेफरीने बॉलचा रंग सांगावा असं नियमातच आहे. तुमच्या क्लबात कुणी असं चुकत असेल तर त्याला हे जरूर सांगा.

आता डोळे. मालकांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. उजेड कमी असला की बाहुली मोठी होते आणि अर्ध्या नंबरची चूकही जाणवायला लागते. चाळिशी ओलांडली असेल आणि प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर) असेल तर खाली वाकल्यावर तुम्ही काचेच्या अगदी वरच्या काठातून बघता, कधी तर फ्रेमच्याही वरून. १९८५ च्या जागतिक स्पर्धेच्या फायनलमध्ये डेनिस टेलरने स्टीव्ह डेव्हिसला शेवटच्या ब्लॅकवर १८-१७ असं हरवलं, तेव्हा त्याच्या नाकावरचा तो मोठा, उलटा घातल्यासारखा दिसणारा चष्मा याच कारणाने बनवलेला होता. वाकल्यावरही काचेच्या मधल्या भागातून दिसावं म्हणून. चष्मा असेल तर डॉक्टरांना टेबलाची लांबी सांगा, १२ फूट, आणि खेळायला वेगळा, एकाच नंबरचा, उंच काचांचा चष्मा करून घ्या. डोळे तपासण्यात नुकसान काहीच नाही. पण डोळ्यांचा दोष असेल तर तोही तुमच्याबरोबर टेबलाला फेरी मारतो. टोक बदलल्यावर तो बाजू बदलणार नाही.

मालकांशी बोलताना ‘लाइट खराब आहे’ असं म्हणू नका, त्यांनी पैसे घातलेत. मोजमाप दाखवा. फोनवरचं लक्सचं (उजेड मोजायच्या एककाचं) अ‍ॅप तंतोतंत नसतं, पण एका जागेची दुसऱ्याशी तुलना करायला पुरतं. फोन कापडावर ठेवून ९ ठिकाणी मोजा: ४ कॉर्नर, दोन्ही लांब कुशनचे मध्य, ब्लू, ब्राउन, ब्लॅक. पूलच्या जागतिक संघटनेच्या नियमांत टेबलावर सगळीकडे किमान ५२० लक्स असावेत आणि मध्यभाग कडांपेक्षा ठळकपणे उजळ नसावा असं आहे. स्नूकरलाही मी तोच आकडा धरतो. माझा स्वतःचा ठोकताळा असा की कोणताही कॉर्नर मध्याच्या दोन तृतीयांशापेक्षा खाली जाऊ नये, आणि डावं कुशन उजव्यापेक्षा फार वेगळं नसावं. तुमच्याकडे मध्यावर ९००, डाव्या कुशनला ८०० आणि उजव्याला ४५० असे आकडे आले, तर मालकांना वेगळं काही सांगायची गरज उरत नाही.

दुरुस्ती फार खर्चाची नसते. सीलिंगमधले तेच पॅनल वायरने खाली आणून टेबलाच्या मध्यावर चौकटीत टांगता येतात. नाहीतर ४ फुटी एलईडी बॅटनच्या ३ ओळी, एकूण लांबी १० फुटांच्या आसपास, खाली दुधी डिफ्यूजर आणि बाजूंना खोल पट्टी. मी अशी चौकट कापडापासून ३४ ते ३६ इंचांवर टांगतो. याहून खाली आणली तर क्यू आपटतो आणि उभं राहून टेबल बघताना ती मध्ये येते. बाहेरच्या दोन ओळी एकमेकींपासून दूर ठेवा, म्हणजे कुशनजवळच्या बॉलची कुशनकडची बाजूही उजळेल. हॉलमधले बाकीचे दिवे मंद ठेवा, पण काळोख नको. काळोखातल्या खुर्चीवरून उठून लख्ख टेबलाकडे जाताना डोळ्याला सावरायला वेळ लागतो.

हे होईपर्यंत, किंवा परगावी स्पर्धेला गेल्यावर लाइट बदलणं हातात नसतं तेव्हा, मी मुलांना एवढंच करायला लावतो: अर्धा तास आधी पोचा, बॉल स्वच्छ पुसा, आणि पॉट करायच्या आधी टेबलाभोवती फिरून एकेका बॉलच्या दोन्ही कडा नुसत्या बघा. कुठली बाजू अंधारी आहे ते ओळखा. मग अंधाऱ्या बाजूचे १० हाफ बॉल मारा आणि मनाने कड थोडी बाहेर धरायला शिका. पावसाळी दुपारी पश्चिमेच्या खिडक्या असलेल्या एका हॉलमध्ये माझा स्वतःचा सामना होता. ढग बाजूला झाला आणि खिडकीतला उजेड टेबलावर आडवा आला, तेव्हा ब्लॅकची खिडकीकडची कड चकाकीत आणि दुसरी सावलीत अशी दोन्हीकडून गेली. मी थांबलो, रेफरींना पडदा ओढायची विनंती केली आणि त्यांनी लगेच ओढला. तसं मागायला संकोच करू नका, समोरच्यालाही त्याच उजेडात खेळायचं असतं.

जाण्याआधी एक ओळंबा घेऊन जा. पॅनलच्या रांगेच्या मध्यातून तो कापडापर्यंत सोडा आणि दोन्ही लांब कुशनपासूनचं अंतर टेपने मोजा. ते दोन आकडे, ४० शॉटचा कागद आणि लक्सचे ९ आकडे इथेच लिहा. हॉलच्या कुठल्या भिंतीला खिडक्या आहेत तेही लिहा. मग चौकट किती इंच आणि कुठल्या बाजूला सरकवायची ते मी सांगतो.